मागल्या दारानं दिलेली वार

शहापूर, ९ जानेवारी २००५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

शेखरदादाचा फोन आला होता. त्याच्याकडची, टोकावड्याची हवा तुम्हाला मानवली, खोकला कमी आहे, आणि माझं नाव निघालं की उठून ओट्यावर जाऊन बसता, एवढं कळलं. बसा खुशाल. तिथला वारा चांगला असतो म्हणे.

महिना झाला तुम्हाला जाऊन. मी ड्युटीवरून आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होता आणि समोर ते सूप होतं. सुपात तांदूळ, नारळ, हिरवा खण. कुणी दिलं, विचारलंत. पेशंटच्या घरून आलं, म्हटलं. कशाबद्दल, विचारलंत. मी म्हटलं, सांगते, आधी चहा टाकू दे. चहा गाळून वळले तर तुम्ही पिशवी भरत होता. आई गेल्यावर सहा वर्षं माझ्याकडे राहिलात, आणि जाताना चष्म्याचं घरसुद्धा विसरलात एवढी घाई. मला मात्र एक शब्द नाही.

तर आता चहा झालाय, ऐका.

मी दवाखान्यात नुसती इंजेक्शनं देते आणि बाळांची वजनं करते, असं तुम्हाला वाटत होतं. गेल्या फेब्रुवारीपासून माझं मुख्य काम वेगळं आहे. बाई बाळंत झाली की बाळामागून वार पडते, ती मी गोळा करते. लिहिलं बघा एकदाचं.

आजवर ती दवाखान्यामागच्या खड्ड्यात जायची. आता मी ती स्वच्छ पिशवीत घालते, पिशवी थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर ठेवते, आणि जीप ती नवी मुंबईच्या एका संशोधन केंद्रात नेते. तिथं तिच्यातून मूळ पेशी काढतात. मूळ पेशी म्हणजे पुढं काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी. त्यांचं कातडं होऊ शकतं, हाड होऊ शकतं. भाजलेल्या माणसाचं कातडं पुन्हा यावं, मेलेली नस जागी व्हावी, यासाठी तिथल्या मॅडम धडपडतात. अजून सगळे प्रयोगच आहेत. औषध निघालेलं नाही, आणि निघालं असं मी कुणाला सांगतही नाही.

एकदा मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. लांबट, बारीक पेशी, सगळ्या एका अंगाला कललेल्या. भाताच्या राबातली रोपं वाऱ्यानं कलतात ना, तशा. आठ दिवसांपूर्वी तुरळक होत्या, आता बशीचा तळ भरला होता. मला रडू आलं, आणि मला सहसा रडू येत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्हीच शिकवलंत, आधी खात्री करून घे, मग मान. मी खात्री करून घेतली. तुम्ही मात्र सूप बघितलंत आणि उत्तर न ऐकता चालू पडलात. आणि ते सूप एकदाच आलं होतं. कुणी आनंदानं काही दिलं तर त्याच्या तोंडावर फेकायचं का?

चष्म्याचं घर पाठवू, की न्यायला येता?

तुमची,
नम्रता


शहापूर, ६ फेब्रुवारी २००५

ती. बाबांस,
जयभीम.

दादा म्हणाला, माझं पत्र तुम्ही न फोडता रेडिओखाली ठेवलंय. वा! म्हणजे सकाळच्या बातम्या माझ्या डोक्यावर चालतात. हेही तिथंच जाईल. तरी लिहिते, कारण इथं बोलायला चार भिंती आहेत आणि त्याही डॉक्टरबाईंच्या मालकीच्या.

तुम्ही का गेलात ते मला कळलं नाही असं समजू नका. ती गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मला पाठ आहे. गावात कुणी बाळंत झाली की आपल्या घरी सांगावा यायचा आणि मैनाआजीनं जायचं, तेही मागल्या दारानं. पुढल्या दाराची पायरी तिच्या पायाला ठाऊक नव्हती. मडक्यातली वार उचलायची, वेशीबाहेर ओढ्याच्या पलीकडे नेऊन पुरायची. हे काम आपल्याच घरानं करायचं, घरच्यांनी हात लावला तर त्यांना विटाळ. त्याबद्दल सुपातून तांदूळ, नारळ, खण, तेही वरून पदरात सोडायचे. तुमच्या अंगात जोर आला तसं खड्डा खणायचं काम तुमच्याकडे आलं.

मग छप्पन साली आपल्या लोकांनी दीक्षा घेतली. त्यानंतरचा पहिला सांगावा आला तेव्हा आजी गेली ती पुढल्या दारानं. मडकं उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "आजपासून तुमची वार तुमी पुरा." तुम्ही सतरा वर्षांचे, तिच्या शेजारी कुदळ घेऊन ताठ उभे. वर्षभर गावानं आपल्या घराला कामाला बोलावलं नाही. तानसाच्या पाण्याच्या लाइनीवर तुमची नोकरी लागेपर्यंत कंद उकडून खाल्लेत. ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज अजून चढतो. नर्सिंगच्या होस्टेलात मी ती मैत्रिणींना सांगितली तेव्हा माझाही चढला होता.

पण बाबा, माझं काम ते नव्हे. आजीला कुणी विचारलं होतं, की बाई, नेशील का? मी विचारते. बाई भरती झाली की तिला आणि तिच्या सासूला संमतिपत्र वाचून दाखवते. वार मुंबईला जाईल, तिच्यावर प्रयोग होतील, तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा. मग त्या अंगठा देतात किंवा सही करतात, आणि खाली माझी सही, समजावून सांगणारी म्हणून. आजवर साठेक झाल्या. एकीनंसुद्धा नाही म्हटलेलं नाही. मुंबईच्या दवाखान्यांत अर्ध्या बायका नाही म्हणतात, म्हणून मॅडम माझं कौतुक करतात. म्हाताऱ्या विचारतात, तू मैनाची नात ना? मी हो म्हटलं की कागद न ऐकताच अंगठा पुढं करतात. म्हणतात, तुझ्या हातानं गेली की घोर नाही. पन्नास वर्षांनी आजीचं नाव त्यांच्या तोंडून ऐकते, तेव्हा माझी छाती फुगते. तुमचीही फुगली असती, पण तुम्हाला रेडिओ ऐकायचा आहे.

मागच्या पत्रात लिहिलं की सूप एकदाच आलं. तेवढं खोटं. अकरा वेळा आलं. दहा वेळा तुम्ही फिरायला गेलेले असताना मी तांदूळ डब्यात ओतले आणि सूप शेजारी देऊन टाकलं. मनात काही नव्हतं तर लपवलं का, असं तुम्ही विचाराल. म्हणूनच तुम्ही विचारत नाही ते बरं आहे.

नम्रता


शहापूर, १३ मार्च २००५

बाबा,

आज जयभीम घालायलाही तोंड नाही. झालं ते सांगते.

मूल झाल्यावर सहा महिन्यांनी आईचं रक्त पुन्हा तपासावं लागतं. काही आजार पहिल्या तपासणीत लपतात, म्हणून तोवर तिच्या पेशी नुसत्या गोठवून ठेवतात, वापरत नाहीत. ते रक्त घ्यायला मीच घरोघर जाते. काल गोजाबाईच्या घरी गेले होते. आपल्या गावची, ओढ्याच्या अंगाला घर, भातशेतीवाले. सप्टेंबरात तिची सून तानी आमच्याकडे बाळंत झाली. मुलगा, अनिकेत नाव ठेवलंय.

मला नेहमीसारखं मागल्या पडवीत बसवलं. सगळ्याच घरी तसं बसवतात. रक्त काढायचं काम बायकांचं, चारचौघांत नको, म्हणून असेल असं मी धरून चालले होते. तानीचं रक्त घेतलं, बाळाला जरा सर्दी होती म्हणून पाठ ऐकली. तेवढ्यात गोजाबाई सूप घेऊन आली. मी पदर पुढं केला. हो बाबा, पदर मी पुढं केला. अकरा घरांत मला ते वळण कधी लागलं, माझं मला कळलं नाही.

तांदूळ सोडता सोडता तिनं विचारलं, "काय गो, पुरतेस कुठं? तुझी आजी पुरायची तिथंच ना, वड्याच्या पल्याड?"

मी म्हटलं, पुरत नाही आजी. मुंबईला जाते, तुम्हाला कागद वाचून दाखवला होता ना. ती हसली. मला वेड्यात काढल्यासारखं नव्हे, लहान पोरीची समजूत घालावी तसं.

"ते कागदाचं झालं. डाक्टरला बरं वाटावं म्हनून आमी आंगठा दिला. पन पुरतेस तूच ना?"

आणि मग ती आपली समाधानानं बोलत राहिली. तुझ्या आजीनं काम टाकलं, तेव्हापासून गावाचे हाल. परगावची एक बाई यायची, ती मेली. मग पुरुषमाणसं तोंड फिरवून कशीबशी उरकायची. पुढं सगळ्या दवाखान्यात जायला लागल्या आणि वार खड्ड्यात पडायला लागली, कुत्री उकरायची, पोरं रोड निघायची. मग ऐकलं की मैनाची नात दवाखान्यात बसलीय आणि सगळ्यांची वार नेतेय. गावात म्हातारीकोतारी म्हणाली, बरं झालं, ज्याचं काम त्याच्याकडे परत गेलं.

बाबा, त्रेसष्ट घरं. मी समजत होते त्या मला देतायत. त्या देत नव्हत्या, आपल्या घरावरचं जुनं ओझं माझ्या डोक्यावर ठेवत होत्या. आणि मी नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेली बया, डोकं पुढं करून उभी होते, वर म्हणत होते, किती विश्वास!

तांदूळ तिथंच पडवीत सांडले. उचललेही नाहीत, उठून आले.

तुम्ही सूप बघून दोन प्रश्नांत ओळखलंत. मला वर्ष लागलं. तेवढं तरी तेव्हा तोंडानं बोलायचं होतंत.

नम्रता


शहापूर, २७ मार्च २००५

ती. बाबांस,

डॉक्टरबाईंशी बोलले. पंधरा दिवस धीर गोळा करत होते.

त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, ही संमती खरी नाही, यांना वाटतंय मी पुरते. मला घरोघर जाऊन पुन्हा नीट सांगायला हवं. त्यांनी शांतपणे ऐकलं. बाई वाईट नाहीत, बाबा. गेल्या वर्षी रक्त वाहून चाललेल्या दोघींना त्यांनी स्वतःच्या गाडीत घालून ठाण्याला नेलं, दोघी जगल्या. म्हणून त्या बोलल्या ते जास्त लागलं.

म्हणाल्या, "तू सांगितलंस की गावात काय होईल? दवाखान्यात वार कापतात, एवढंच पसरेल. बायका यायच्या बंद होतील, घरी बाळंत होतील. त्यातली एखादी मेली तर ती कुणाच्या नावावर, नम्रता?"

मग त्यांनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. प्रत्येक कागदाच्या तळाला लिहिलंय, वरील मजकूर मी यांना यांच्या भाषेत समजावून सांगितला व तो यांना समजला. खाली माझी सही. त्रेसष्ट वेळा. त्यांची सही कुठंच नाही. गठ्ठा पुन्हा आत ठेवला, कुलूप घातलं. म्हणाल्या, सुट्टी हवी तर घे, पण या वेडेपणाला माझी परवानगी नाही.

ही खोलीही त्यांचीच, दवाखान्याच्या आवारातली. खिडकी उघडली की लेबर रूमची खिडकी दिसते. आठवड्याला एक-दोन बायका येतात, आणि आल्या आल्या त्यांच्या सासवा मलाच शोधतात. मी कागद पुन्हा सावकाश वाचून दाखवते, मी पुरत नाही हो, असं दहादा सांगते. त्या मान डोलावतात आणि डोळे मिचकावतात, कळलं कळलं, डॉक्टर ऐकतेय ना. काल मी एकीवर ओरडले. तिनं सुनेला समजावलं, तिला लाज वाटते गो, शिकलेली हाय. बाबा, मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

या पंधरवड्यात बाळंत झालेल्या दोघींची वार मी खड्ड्यात टाकली. मॅडमना कळवलं, खराब झाली. म्हणजे आता तिकडेही खोटं बोलते.

सांगावं तर एखादी बाई घरी रक्त जाऊन मरेल. न सांगावं तर मी आजीनं उंबऱ्यावर ठेवलेलं मडकं उचलून परत डोक्यावर घेतलं, हेच खरं. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधल्या जागेत मी रोज ड्युटी करते. नोकरी सोडली तर? तर दुसरी कुणी बसेल, त्या त्रेसष्ट जणी मात्र आयुष्यभर ओढ्याकडे बघून हात जोडतील.

तुमचं काय म्हणणं आहे? रेडिओला विचारून कळवा.

नम्रता


शहापूर, १७ एप्रिल २००५

ती. बाबांस,
जयभीम.

सांगितलं. एका घरी. गोजाबाईच्याच.

पायऱ्या चढून पुढल्या ओट्यावर गेले. आतून तिनं बघितलं आणि म्हणाली, मागनं ये गो. मी म्हटलं, आज इथंच बसते. ती कपाळाला आठ्या घालून आली, मागून तानी बाळाला घेऊन.

मी एका दमात सांगून टाकलं. मी पुरत नाही. मी कधीच एकही पुरली नाही. आमच्या घरानं ते काम छप्पन साली टाकलं ते टाकलं. तुमची वार मुंबईला गेली, कापली, धुतली, तिच्यातल्या बारीक पेशी वाढवल्या आणि थोड्या गोठवून ठेवल्यात. भाजलेल्या माणसांना पुढंमागं उपयोग व्हावा म्हणून. तुम्हाला हे समजलं नव्हतं आणि मी समजलं असं लिहून दिलं. चूक माझी.

गोजाबाईनं तानीकडे बघितलं. तानीनंच विचारलं, अजून जिती हाय का ती? मी म्हटलं, हो, बर्फापेक्षा थंड जागेत आहे, पण जिवंत आहे.

मग गोजाबाई जी सुटली! "आमच्या पोराचं आंग तुमी बर्फात ठेवलंय? आनि मी म्हनतेय, ह्याची सर्दी का जात नाय!"

मला हसू फुटलं असतं तर तिनं मला ओट्यावरून ढकललं असतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती खरोखर घाबरली होती, बाबा. सहा महिने ती नातवाचं नाक पुसतेय आणि मनात म्हणतेय, वार तर मैनाच्या नातीनं नीट पुरलीय, मग काय चुकलं? तिचा माझ्यावर विश्वास होता हे खरंच होतं. चुकीच्या गोष्टीवर होता, एवढंच.

शेवटी म्हणाली, परत आन. आमची हाय ना? परत आन.

आणि कागदावर तसं लिहिलेलंच आहे, की संमती केव्हाही मागं घेता येईल. मीच त्रेसष्ट वेळा वाचून दाखवलंय. मी म्हटलं, आणते.

येताना तानी फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "मला तवाच विचारलं असतंस नीट, तर मी बहुतेक हो म्हटलं असतं." हे वाक्य चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

नम्रता


शहापूर, ८ मे २००५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

हे पत्र लांबेल. रेडिओ जरा वर उचलला जाईल, सांभाळून घ्या.

नवी मुंबईला गेले. मॅडमना सगळं सांगितलं, त्या खराब झालेल्या दोन पिशव्यांचंही. त्या चिडल्या. सहा महिन्यांचं काम आहे, म्हणाल्या. उद्या बाकीच्यांनीही मागितलं तर? मी म्हटलं, तर त्यांचंही द्यावं लागेल. त्या खुर्चीत बसून राहिल्या, मग स्वतःच उठल्या आणि दोन इवल्या प्लास्टिकच्या बाटल्या आणून दिल्या. करंगळीएवढ्या. वर आकडा लिहिलेला, नाव नाही. म्हणाल्या, कागद तुम्ही वाचून दाखवलात, आणि त्यांना काय समजलं ते आम्ही कुणीच विचारलं नाही. मला वाटतं एवढं कबूल करायलाही त्यांना जड गेलं.

गोजाबाईकडे सगळी तयारी होती. नवं मडकं, हळद, कडुनिंबाचा पाला. आजूबाजूच्या पाच-सहा बायकाही जमलेल्या. मी बाटल्या तानीच्या हातात दिल्या. एवढीशी? एकीनं विचारलं, आणि खरंच, अर्ध्या किलोची वार होती ती.

गोजाबाईनं बाटल्या मडक्यात घातल्या, पाला टाकला, आणि मडकं माझ्यापुढं सरकवलं. शेजारी सूप. तांदूळ, नारळ, खण, सगळं.

"घे आता. पुरून ये."

मी ते मडकं बघत उभी राहिले. बाबा, उचललं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. म्हातारी निवांत, बायका निवांत, दवाखाना निवांत. एक चक्कर ओढ्यापर्यंत, दहा मिनिटांचं काम. आणि माझ्या मनात आलंही, की मीच नेली होती तर मीच पुरावी, तेवढी भरपाई. हात पुढं गेला होता. खरं सांगते, गेला होता.

मग मी तो मागं घेतला आणि म्हटलं, "नाही आजी. तुमची आहे, तुम्ही पुरा."

मडक्याला हात लावायला कुणी पुढं होईना. गोजाबाईचा मुलगा तर पुढल्या दारातून केव्हाच सटकला होता. मी पाय रोवून उभी होते आणि मला वाटत होतं, आता माझ्या अंगावर येतील.

तानीनं बाळ शेजारणीकडे दिलं, पडवीतून कुदळ आणली. सासू म्हणाली, आपल्यात बाया हात लावत नाय. तानी म्हणाली, माझ्याच पोटातनं आली ना, मंग मला कसला विटाळ. तिनं अंगणातच, ओट्याच्या डाव्या अंगाला खणायला घेतलं. जमीन उन्हानं दगड झालेली, चांगला घाम निघाला तिचा. बाटल्या हातात घेऊन मला विचारलं, झाकण काढायचं का? मी म्हटलं, काढ. आत दोन थेंब होते, गुलाबीसर. ते मातीत सोडले, माती ओढली, पायानं दाबली आणि हात धुऊन बाळाला प्यायला घेतलं.

गोजाबाई सूप हातात धरून तशीच उभी होती. आता हे द्यायचं कुणाला, हेच तिला कळेना. शेवटी आत घेऊन गेली. येताना कपबशी घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही, पण चहा ओट्यावर ठेवला, हातात दिला नाही, तरी पुढल्या ओट्यावर ठेवला. मी प्यायले. बाळाची सर्दी अजून आहे, ते मी तेव्हाच सांगून टाकलं, की ती याच्यानं जायची नाही, औषध घ्या.

त्या बायकांतल्या दोघींनी विचारलं, आमच्या सुनेची पण तिकडंच हाय का? मी म्हटलं, हो. त्या तोंडावर पदर घेऊन निघून गेल्या. म्हणजे आता गावभर झालं असणार.

डॉक्टरबाईंना दुसऱ्या दिवशी कळलंच. ओरडल्या नाहीत. खोली महिनाअखेर रिकामी कर, म्हणाल्या, आणि पुढं म्हणाल्या, एखादी मेली तर मी तुला बोलवीन, येऊन बघ. हे शेवटचं रोज माझ्या कानात वाजतं. म्हणून नुसतं सांगून भागणार नाही, प्रत्येक घरी हेही सांगायला हवं, की वार द्या नाहीतर घरी न्या, पण बाळंतपणाला दवाखान्यातच या.

आता बासष्ट घरं उरलीत. कागद कपाटात कुलूपबंद, पण रक्ताला जायची म्हणून गावं आणि नावं माझ्या वहीत आहेत. या आठवड्यात दोन घरांपर्यंत गेले. एका घरी पायरीपाशी पोचले, आतून हाक आली, मागनं ये. माझी पावलं आपोआप मागं वळली, बाबा. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, तशीच घरी पळून आले. दुसऱ्या घरी पोचलेच नाही. एकदा केलं म्हणजे भीती जाते, असं कोण म्हणतं? मला तर जास्त वाटते. त्या दिवशी तानी नसती तर मी मडकं उचललं असतं, हे मला पक्कं माहीत आहे.

तुम्हाला या म्हणत नाही. आजीच्या शेजारी तुम्ही ताठ उभे होता, म्हणून तुम्हाला सोपं वाटत असेल. मला नाही जमत. तुमची मुलगी तेवढ्या धीराची निघाली नाही, इतकंच कळवायचं होतं.

चष्म्याचं घर पेटीत घातलंय, सामानाबरोबर जिथं जाईल तिथं जाईल.

तुमची,
नम्रता


टोकावडे, १४ मे २००५

चि. नमूस,
जयभीम.

तुझी सगळी पत्रं आली त्या त्या दिवशीच वाचली. भाताच्या शितानं परत चिकटवून रेडिओखाली ठेवत होतो. शेखरला अजून माहीत नाही, सांगू नको.

सूप बघितलं तेव्हा चहा होईपर्यंत थांबून तुला पुढचं विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. तू कबूल करशील आणि मला ऐकावं लागेल, याची भीती वाटली.

एक गोष्ट मी तुम्हा पोरांना खोटी सांगत आलो. छप्पन साली तुझी आजी मडकं घेऊन पुढल्या दारानं गेली तेव्हा मी तिच्या शेजारी नव्हतो. लोक मारतील म्हणून घरात कोनाड्यापाशी बसलो होतो, कुदळ आतच होती. ती एकटी गेली आणि एकटी आली. परत आल्यावर मला काही बोलली नाही. भाकरी वाढली. पन्नास वर्षं मी ते उलटं सांगतो, म्हणून आवाज चढवावा लागतो.

तुझी पावलं मागं वळली ती का वळली, ते मला सांगू नको. मला माहीत आहे.

सोमवारी पहिल्या एसटीनं येतो. वहीतली नावं गावाप्रमाणे लावून ठेव, म्हणजे चालावं कमी लागेल. माझ्यानं बोलणं होणार नाही, बोलायचं तू. मी पुढल्या ओट्यावर तुझ्या शेजारी बसेन.

बाबा